निवृत्तीचं घर घेताय? आधी एजंट पारखून घ्या

रविवारची दुपार. ज्येष्ठांसाठीच्या एका नव्या वसाहतीतला नमुना फ्लॅट बघायला आई, बाबा, मुलगा आणि सून आले आहेत. एजंट मोठा चटपटीत. गेटपासून तो मुलाशीच बोलतोय. ‘‘सर, आज बुक केलंत तर हा रेट. पुढच्या महिन्यात वाढणार. क्लब हाऊस बघा, योगा हॉल बघा, मिनी थिएटर बघा.’’ मुलगा फोनवर हिशोब करतोय, सून फोटो काढतेय, बाबा माहितीपत्रक चाळतायत. आई मात्र बाथरूमच्या दारात उभी आहे. आत जायला दोन इंचांचा उंबरा आहे आणि भिंतीला धरायला काहीच नाही. तिचा गुडघा दुखतो. पण ती बोलत नाही, कारण तिला कोणी विचारलेलंच नाही.

असं काहीसं तुमच्याही घरात किंवा नात्यात घडलं असेल. घर ज्यांच्यासाठी घ्यायचं, तेच बोलण्यातून बाजूला पडतात. अशा वेळी चांगला एजंट काय करतो? तो आधी आईला विचारतो, ‘‘काकू, तुम्हाला इथे वावरायला जमेल का?’’

फ्लॅट कसा निवडावा यावर सगळेच सल्ला देतात. पण जो माणूस तो फ्लॅट दाखवतो, त्याला कसं निवडायचं हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून या वेळी त्याबद्दलच बोलू या.

हे घर नेहमीसारखं नाही

तिशीत घेतलेलं घर चुकलं तर ते विकून दुसरं घेता येतं. साठीनंतर घेतलेलं घर बहुतेक वेळा शेवटचं असतं. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कित्येकदा जुना राहता फ्लॅट विकून आलेला पैसा घातलेला असतो. बहुतेक बँका गृहकर्जाचे हप्ते सत्तर-पंचाहत्तर वर्षं वयापर्यंत संपावेत असं बघतात, त्यामुळे मोठं कर्ज मिळत नाही. म्हणजे सगळी रक्कम आपली आणि सगळा धोकाही आपलाच.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. इथे आपण नुसत्या भिंती विकत घेत नाही. जेवण, साफसफाई, रात्रीची नर्स, रुग्णवाहिका, कोणी पडलं तर धावून येणारं माणूस, या सगळ्यांसाठी आपण तिथे जातो. भिंती आज बघता येतात. या सेवा दहा वर्षांनी कशा असतील ते आज दिसत नाही.

आणि इथेच एजंटची अडचण सुरू होते. त्याला त्याचा मोबदला विक्रीच्या वेळी एकदाच मिळतो. तुम्हाला मात्र त्या घरात वीस वर्षं काढायची असतात. विक्रीनंतरच्या या वर्षांबद्दल तो किती जाणतो आणि किती मोकळेपणाने बोलतो, यावरच त्याला पारखायचं.

सर्वात आधी विचारा, तुम्ही कोणाचे?

घर दाखवणारा प्रत्येक माणूस तुमचा एजंट नसतो. साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, बिल्डरच्या विक्री कार्यालयात बसणारा पगारी माणूस. दुसरा, ज्याला बाजारात ‘चॅनल पार्टनर’ म्हणतात तो. तो बाहेरचा असतो, पण त्याचं कमिशन बिल्डर देतो. तिसरा, तुमच्यासाठी चार ठिकाणं शोधणारा स्वतंत्र एजंट. तो दलाली तुमच्याकडून घेतो, पुनर्विक्रीच्या घरात बहुधा दोन्ही बाजूंकडून.

बिल्डरकडून कमिशन घेणं यात गैर काही नाही. पण मग त्याने दाखवलेल्या तीन प्रकल्पांत चौथा का नाही, हे आपल्याला कळायला हवं. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, ‘‘या व्यवहारात तुम्हाला कोणाकडून किती मिळणार?’’ हा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. भाजी घेताना आपण पावशेराचा भाव दोनदा विचारतो, आणि सत्तर लाखांच्या व्यवहारात दलाली विचारायला मात्र लाजतो. चांगला एजंट या प्रश्नावर रागावत नाही. ‘‘ते तुम्ही सोडा हो, तुमच्या खिशातून काही जात नाही’’ असं उत्तर आलं, तर सावध व्हा.

दलाली तुम्ही देणार असाल तर आकडा आधीच लेखी ठरवा. खरेदीत साधारण एक ते दोन टक्के मागितले जातात. समजा घर ७० लाखांचं आहे आणि दलाली एक टक्का ठरली, तर ७०,००० रुपये झाले. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी १२,६०० रुपये. एकूण ८२,६००. ही रक्कम कधी द्यायची तेही लिहून घ्या. टोकन दिल्याबरोबर सगळी दलाली देऊन टाकू नका. काही भाग करारनोंदणीनंतर आणि उरलेला ताबा मिळाल्यावर द्यायचा ठरलं, तर ताब्यापर्यंत माणूस फोन उचलतो.

नोंदणी तपासा, दहा मिनिटांचं काम आहे

स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यालाच आपण ‘रेरा’ म्हणतो. या कायद्यानुसार रेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटची स्वतःची रेरा नोंदणी असावीच लागते. जो प्रकल्प नोंदणीला पात्र आहे पण नोंदलेला नाही, त्यातलं घर तो विकू शकत नाही. नियम मोडला तर दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

महाराष्ट्रात एजंटचा महारेरा क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतो आणि प्रकल्पाचा ‘पी’ने. शिवाय महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. तेव्हा नोंदणी क्रमांकाबरोबर परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्रही मागायला हरकत नाही. क्रमांक व्हिजिटिंग कार्डावर छापलेला आहे म्हणून समाधान मानू नका. राज्याच्या रेरा वेबसाइटवर तो स्वतः टाकून बघा. नाव जुळतं का, मुदत संपली आहे का, प्रकल्पाचा ताबा कधी द्यायचा ठरला आहे आणि ती तारीख किती वेळा पुढे गेली, हे सगळं तिथे सापडेल.

हा मुद्दा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी जास्त लक्षात ठेवायला हवा. रेराची नोंदणी राज्यानुसार असते. तुम्ही इंदूरला किंवा बडोद्याला राहत असाल आणि घर पुण्यात घेत असाल, तर एजंटकडे महारेराची नोंदणी हवी. पुण्यात राहून कोइंबतूरला जाणार असाल तर तमिळनाडूची हवी. भिवाडीत घेणार असाल तर राजस्थानची. ‘‘आमची मुंबईला नोंदणी आहे, सगळीकडे चालते’’ असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

जुन्या, पूर्ण झालेल्या वसाहतीतला फ्लॅट एखाद्या कुटुंबाकडून पुनर्विक्रीत घेत असाल, तर एजंटच्या नोंदणीचा नियम प्रत्येक वेळी लागू होत नाही. तरीही नोंदणीकृत एजंटच निवडा. तक्रार करायची वेळ आली तर निदान दार कुठलं ठोठवायचं ते माहीत असतं.

सात प्रश्न, आणि उत्तरं ऐकण्याची पद्धत

आता मुख्य परीक्षा. पुढचे प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि पहिल्या भेटीत एकेक विचारा. उत्तर काय आलं याइतकंच ते कसं आलं हेही महत्त्वाचं. ‘‘हे मला माहीत नाही, विचारून सांगतो’’ हे चांगलं उत्तर आहे, जर तो खरंच विचारून सांगत असेल. ‘‘काही काळजी करू नका’’ हे उत्तरच नव्हे.

१. हे घर माझ्या मालकीचं होणार की फक्त राहायचा हक्क मिळणार? काही ठिकाणी फ्लॅट विकत मिळतो. काही ठिकाणी मोठी ठेव देऊन हयातभर राहता येतं आणि नंतर ठेवीतला काही भाग परत मिळतो. काही ठिकाणी नुसतं भाडं असतं. तिन्हींना बोलताना ‘घर घेणं’च म्हणतात, पण कायद्याने ती तीन वेगळी प्रकरणं आहेत. भाड्याने राहणाऱ्याला रेराचं खरेदीदारासारखं संरक्षण नसतं. जो एजंट हा फरक आपणहून समजावतो, त्याला या क्षेत्रातलं खरोखर कळतं.

२. दरमहा किती, आणि दरवर्षी किती वाढतं? घराच्या किमतीवर आपण महिनाभर घासाघीस करतो आणि मासिक शुल्क पाच मिनिटांत मान्य करतो. समजा दोघांचं जेवण, सेवा आणि देखभाल मिळून आज ३०,००० रुपये लागतात आणि ते दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढतं. दहा वर्षांनी ते सुमारे ६५,००० होईल, पंधरा वर्षांनी सुमारे ९५,०००. तेव्हा तुमचं पेन्शन किंवा ठेवींवरचं व्याज किती असेल? एजंटकडे त्याच वसाहतीची, किंवा प्रकल्प नवा असेल तर त्याच बिल्डरच्या जुन्या वसाहतीची, मागच्या तीन वर्षांची बिलं मागा. आणून देणारा एजंट कामाचा.

३. सेवा कोण चालवणार? बिल्डर, त्याने नेमलेली कंपनी की रहिवाशांची सोसायटी? ती कंपनी मध्येच निघून गेली तर पुढे काय? सेवांचा करार वेगळा असतो का आणि त्याची प्रत आजच वाचायला मिळेल का?

४. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय होतं? ‘चोवीस तास वैद्यकीय सुविधा’ या शब्दांवर थांबू नका. रात्री नर्स आवारात असते की फोनवर? रुग्णवाहिका वसाहतीची की बाहेरून येणारी? जवळचं मोठं रुग्णालय रहदारीत किती मिनिटांवर?

५. आम्ही अंथरुणाला खिळलो, किंवा विस्मरणाचा आजार झाला, तर इथे राहता येईल का? काही वसाहती फक्त स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असतात. काही ठिकाणी वेगळा शुश्रूषा विभाग असतो, त्याचं शुल्क वेगळं असतं. चोवीस तासांची बाई किंवा मदतनीस ठेवायला परवानगी आहे का, ती झोपणार कुठे, हेही विचारा.

६. दोघांपैकी एक गेलं तर? प्रश्न अवघड आहे, पण याच घरासाठी तो सर्वात खरा आहे. मागे राहिलेल्याला तेच शुल्क भरावं लागेल की कमी होईल? बायको वयाने बरीच लहान असेल आणि वसाहतीची वयाची अट ५५ किंवा ६० असेल, तर तिला तिथे राहता येईल ना? एकट्या बहिणी, मैत्रिणी किंवा अविवाहित व्यक्ती एकत्र घर घेत असतील तर दोघींची नावं करारात येतील ना?

७. आमच्यानंतर या घराचं काय? मुलगा चाळिशीतला असेल तर घर त्याच्या नावावर होईल, पण तो तिथे राहू शकेल का? भाड्याने देता येईल का? विकायचं झालं तर फक्त ज्येष्ठांनाच विकावं लागेल का, हस्तांतर शुल्क किती लागेल? अशी घरं घेणारे मोजके असल्याने विकायला वेळ लागू शकतो. ‘‘हातोहात विकलं जाईल’’ म्हणणाऱ्या एजंटला एवढंच विचारा, ‘‘इथली किती घरं तुम्ही स्वतः पुन्हा विकून दिलीत?’’

आणि या सातांनंतर एक विनंती. ‘‘तुम्ही ज्यांना अशी घरं मिळवून दिलीत, त्यांपैकी दोन कुटुंबांशी आम्हाला बोलायचं आहे.’’ ज्याचं काम चोख आहे तो त्यांना विचारून नंबर देईल. ज्याने आजवर नुसते दुकानगाळे आणि गुंतवणुकीचे प्लॉट विकलेत, तो विषय बदलेल.

बघायला जाल तेव्हा

पहिली भेट एजंटबरोबर, दुसरी त्याच्याशिवाय. रविवारी फुलं, फुगे आणि गोड सरबत असतं. मंगळवारी संध्याकाळी जा. तिथल्या भोजनगृहात पैसे देऊन जेवा. आमटी तुम्हाला सोसते का, पोळी मऊ असते का, मधुमेह्यांसाठी वेगळं काही असतं का, हे तिथेच कळेल. बागेत बसलेल्या आजी-आजोबांशी गप्पा मारा. तक्रारी ऐकायला मिळतीलच. तक्रार केल्यावर पुढे काय होतं, हे जास्त महत्त्वाचं. काही वसाहतींत आठ-पंधरा दिवस पैसे भरून राहून बघता येतं. तशी सोय असेल तर नक्की घ्या. एजंट रहिवाशांशी एकट्याने बोलू देत नसेल, तर त्यातच उत्तर मिळालं म्हणायचं.

घरात शिरलात की टेप काढा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि २०२४ मध्ये महारेरानेही ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले. दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट हवी, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते. लिफ्टमध्येही ती खुर्ची मावली पाहिजे. न घसरणाऱ्या फरशा, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, पायऱ्यांऐवजी उतार, वीज गेली तरी चालणारी लिफ्ट, या गोष्टी उपकार म्हणून नव्हे, हक्काने बघायच्या. निव्वळ पाटीवर ‘सीनियर लिव्हिंग’ लिहून नेहमीचेच फ्लॅट विकले जात असतील, तर या मोजमापांत ते उघडं पडतं. एजंटला हे निकष माहीत आहेत का, तेही सहज विचारून बघा.

टोकनची घाई

‘‘अजून एक पार्टी बघून गेलीय, आज टोकन द्या.’’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. त्यावर घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवा, की पहिल्या भेटीत एक रुपयाही द्यायचा नाही. खरोखर चांगलं घर एका दिवसात गेलं तर गेलं. घाईत घेतलेलं घर मात्र जात नाही, ते आपल्याकडेच राहतं.

पैसे देताना चार गोष्टी पाळा.

पैसे कधीही एजंटच्या खात्यात भरू नका. नव्या प्रकल्पात ते करारात नमूद केलेल्या प्रकल्पाच्या बँक खात्यातच जातील असं बघा. पुनर्विक्री असेल तर थेट मालकाच्या खात्यात. रोख तर अजिबात नाही.

रेरा कायद्यानुसार विक्रीकरार लेखी होऊन नोंदवला जाण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ७० लाखांच्या घराला ही मर्यादा ७ लाख होते. एजंट त्याहून जास्त मागत असेल तर तो तुम्हाला कायदा मोडायच्या वाटेवर नेतोय.

कागद वाचायला वकील आपला हवा. ‘‘आमचे वकील आहेत ना, फुकट बघतील’’ ही सोय नम्रपणे नाकारा. फ्लॅटचा करार आणि सेवांचा करार, दोन्ही त्यांच्याकडून वाचून घ्या. करार तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत असेल तर सही करण्याआधी त्याचं भाषांतर मागा.

एजंटला मुखत्यारपत्र कधीही देऊ नका. मुलं परदेशात असतात, आईबाबांची धावपळ होते, म्हणून ‘‘सह्यांचं मी बघतो’’ असं कोणी म्हणालं तरी नाही. द्यायचंच झालं तर नात्यातल्या विश्वासू माणसाला, आणि तेही ठरावीक कामापुरतं.

जुना फ्लॅट विकून नवं घर घेणार असाल, तर दोन्ही कामं एकाच एजंटला देताना विचार करा. नव्या घराची दलाली लवकर हाती यावी म्हणून जुनं घर कमी किमतीत काढायचा मोह त्याला होऊ शकतो. जुन्या घराचा भाव आणखी दोघांकडून विचारून घ्या. आणि नव्या घराचा ताबा हातात येईपर्यंत डोक्यावरचं छप्पर सोडू नका. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर ठरावीक मुदतीत दुसरं घर घेतल्यावर करसवलत मिळते. ठेव देऊन नुसता राहायचा हक्क घेत असाल तर ती मिळेल असं गृहीत धरू नका. विकण्याआधी सीएला विचारा, विकल्यावर नव्हे.

बोललेलं लिहून घ्या

एजंट तोंडाने बरंच काही देतो. ‘‘जेवण घरी आणून देतात’’, ‘‘डॉक्टर रोज येतात’’, ‘‘शुल्क पाच वर्षं वाढणार नाही’’. असं बोलणं झालं की त्याच दिवशी त्याला एक साधा व्हॉट्सअॅप मेसेज पाठवा. ‘आज आपण असं असं सांगितलंत, बरोबर ना?’ त्याने ‘हो’ लिहिलं तर पुरावा झाला. त्याने फोन करून ‘‘अहो, लिहायचं कशाला’’ म्हटलं, तर बोलण्याची किंमत कळली. माहितीपत्रक, जाहिरात, मेसेज, पावत्या सगळं एका फायलीत ठेवा.

देऊ न शकणाऱ्या सेवेचं आश्वासन देणं किंवा दर्जाबद्दल खोटं सांगणं एजंटला रेरा कायद्याने मना आहे, आणि बुकिंगच्या वेळी सगळी माहिती व कागदपत्रं खरेदीदाराला मिळवून देणं त्याचं कर्तव्य आहे. त्याने फसवलं तर त्या राज्याच्या रेराकडे तक्रार करता येते. मात्र एक लक्षात असू द्या. रेराचा मुख्य भर घर, त्याचा करार आणि ताबा यांवर असतो. राहायला गेल्यावर जेवण बिघडलं, नर्स मिळेनाशी झाली, तर तुमचा आधार सेवांचा करार आणि गरज पडली तर ग्राहक आयोग. म्हणून तो दुसरा करार पहिल्याइतकाच बारकाईने वाचायचा.

शेवटी, घर कोणाचं?

हे वाचून मुलं म्हणतील, ‘‘आईबाबांना यातलं काय कळतं, आम्ही बघतो ना.’’ जरूर बघा. वेबसाइट तपासा, आकडे मांडा, वकील शोधा. आजकाल शाळकरी नातवंडंही रेराचा क्रमांक शोधून देतील. पण प्रश्न आईबाबांना विचारू द्या आणि उत्तरंही त्यांनाच ऐकू द्या. तिथे रोज सकाळी उठायचं आहे ते त्यांना.

आणि आईबाबांनो, तुम्हीही गप्प राहू नका. मुलांना वाईट वाटेल, एवढ्या हौसेने आणलंय, उगीच खोट कशाला काढा, असं म्हणून उंबरा गिळू नका. तोच उंबरा रोज ओलांडायचा असतो.

एजंट निवडताना दोघा-तिघांना भेटा आणि प्रत्येक भेटीनंतर घरी येऊन फक्त एक गोष्ट आठवा. हा माणूस जास्त वेळ कोणाशी बोलला? ज्याने काकूंना खुर्ची दिली, बाथरूमचं दार उघडून दाखवलं, ‘‘इथे दांडा बसवून घ्यावा लागेल, ते करारात लिहून घेऊ’’ असं आपणहून सांगितलं, आणि ‘‘तुमच्या गुडघ्यांना ही जागा नको, दुसरी बघू’’ म्हणून स्वतःची दलाली लांबणीवर टाकली, त्याचा नंबर फोनमध्ये जपून ठेवा. पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर निघा, आणि या वेळी आईला पुढच्या सीटवर बसवा.